आकड्याशेजारचे प्रदेशाचे नाव : गेमविक्रीचे आकडे प्रसिद्ध करणाऱ्यांना खुले पत्र

व्हिडिओ गेमचे प्रकाशक, विक्री मोजणाऱ्या संस्था आणि ते आकडे बातमीत छापणारे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेली अनेक वर्षे मी आपण प्रसिद्ध करत असलेले विक्रीचे आकडे नेमाने टिपून ठेवतो. जपानचा आठवड्याचा तक्ता, अमेरिकेचा महिन्याचा अहवाल, ब्रिटनची क्रमवारी आणि कंपन्यांचे तिमाही निकाल एकाच कोष्टकात भरताना सुरुवातीच्या काळात मी एक चूक सातत्याने केली. शेजारशेजारच्या रकान्यांत बसले म्हणजे हे आकडे एकाच जातीचे आहेत असे मी धरून चाललो, त्यांची बेरीज केली, आणि त्या बेरजेवरून कोणत्या देशातल्या खेळाडूंना काय आवडते याविषयी ठाम मते बनवली. त्यातली बरीचशी मते नंतर मला सोडून द्यावी लागली. तीच चूक आपल्या बातम्यांत आणि कधीकधी कंपन्यांच्या निर्णयांतही अजून होताना दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की आकड्याशेजारी छापलेले प्रदेशाचे नाव हे मोजणी कुठे आणि कोणी केली याचे नाव असते. गेम विकत घेणारा माणूस कुठे राहतो, त्याला काय हवे होते आणि त्याच्यापुढे काय ठेवले गेले होते, हे त्या नावावरून परस्पर ठरत नाही. ते ठरवायचे असेल तर मोजणीची रीत आकड्यासोबत छापली गेली पाहिजे, आणि आज ती बहुतेक वेळा छापली जात नाही.

पहिला घोटाळा ‘विक्री’ या शब्दातच आहे. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या तिमाही निकालांत जे नग दिसतात ते कंपनीने वितरकांना आणि दुकानदारांना विकलेले असतात. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ चा २० कोटींच्या पुढे गेलेला आकडा सांगताना टेक-टू ही कंपनीही ‘सेल-इन’ हाच शब्द वापरते, म्हणजे माल दुकानापर्यंत पोहोचल्याची ती नोंद आहे. जपानमधील फामित्सू या गेमविषयक नियतकालिकाचा आठवड्याचा आकडा मात्र गिऱ्हाइकाने दुकानातून प्रत घरी नेली त्याचा असतो, आणि तोही निवडक दुकानांच्या विक्रीवरून साऱ्या देशासाठी काढलेला अंदाज असतो. हे दोन आकडे एकाच वाक्यात आले की वाचकाला वाटते, जपानमध्ये इतक्या प्रती गेल्या आणि उरलेल्या बाकीच्या जगात गेल्या. प्रत्यक्षात त्या वजाबाकीत दुकानांच्या फडताळांवर पडून असलेला माल, वाटेतल्या खेपा आणि जपानमध्ये डाउनलोड झालेल्या सगळ्या प्रती मिसळलेल्या असतात. यशस्वी गेमच्या बाबतीत काही महिन्यांत हा फरक बराचसा भरून निघतो. अपयशी गेमच्या बाबतीत तो कधीच भरत नाही, आणि नेमका तेव्हाच कोणत्या प्रदेशात माल पडून राहिला हे कळण्याची गरज असते.

शब्द तोच ठेवून व्याख्या बदलल्याचेही दाखले आहेत. सोनीने २००७-०८ च्या आर्थिक वर्षापासून प्लेस्टेशन या आपल्या गेमयंत्राचे नग मोजण्याची पद्धत बदलली. त्यापूर्वी उत्पादन होऊन बाहेर पडलेल्या खेपा मोजल्या जात, त्यानंतर हिशेबात विक्री म्हणून नोंदलेले नग मोजले जाऊ लागले. प्लेस्टेशन २ चे आयुष्य या दोन्ही पद्धतींत विभागलेले आहे. त्याचा एकूण आकडा अनेक वर्षे १५ कोटी ५० लाखांहून अधिक असा सांगितला जात होता आणि २०२४ मध्ये सोनीने तो १६ कोटींहून अधिक असल्याचे सांगितले. उत्पादन थांबून दशक उलटलेल्या यंत्राचा आकडा असा बदलू शकतो, तर चालू तिमाहीतल्या प्रादेशिक आकड्याचा शेवटचा अंक पवित्र मानण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये एक्सबॉक्स या आपल्या गेमयंत्राचे नग जाहीर करणेच थांबवले आणि महिन्याला किती जण सेवा वापरतात हा आकडा पुढे केला. त्यानंतर ‘खेळाडू’ आणि ‘खरेदीदार’ हे दोन शब्द आपल्या मथळ्यांत एकमेकांच्या जागी येऊ लागले आहेत. वर्गणी भरून किंवा फुकट खेळणाऱ्याला विक्रीच्या रकान्यात बसवू नये, इतके तरी संपादकांनी पाळावे.

आता कालमापनाकडे वळतो. जपानचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो आणि तिथे नवे गेम बहुधा गुरुवारी येतात, त्यामुळे ‘पहिला आठवडा’ म्हणजे चार दिवस. ब्रिटनच्या क्रमवारीचा आठवडा शनिवारी संपतो. शुक्रवारी आलेला गेम तिथल्या पहिल्या यादीत दोनच दिवसांच्या बळावर उभा असतो. अमेरिकेत पूर्वी एनपीडी आणि आता सर्काना या नावाने ओळखली जाणारी संस्था चार किंवा पाच आठवड्यांचा महिना धरते. शिवाय २०१० पासून तिने नगांचे आकडे जाहीरपणे देणे बंद केले असून तिची क्रमवारी डॉलरमधील उलाढालीवर लागते. जपानच्या यादीतला पहिला क्रमांक प्रतींच्या संख्येचा असतो, अमेरिकेच्या यादीतला पैशांचा. महाग विशेष आवृत्ती काढलेला गेम दुसऱ्या यादीत वर चढतो आणि पहिलीत चढत नाही. अमेरिकेच्या यादीत सहभागी प्रकाशकांच्या डाउनलोड प्रती धरल्या जातात, निन्टेन्डोच्या गेमच्या धरल्या जात नाहीत. म्हणजे एकाच यादीत शेजारी उभे असलेले दोन गेमसुद्धा सारख्या मापाने मोजलेले नसतात. हे सारे संस्थांच्या तळटिपांत लिहिलेले असते, त्यामुळे मी संस्थांना दोष देत नाही. बातमी होताना तळटीप गळते, तिथे माझी तक्रार आहे.

प्रदेशांच्या सीमांकडे मला अधिक वेळ द्यायचा आहे, कारण माझ्या मते सर्वांत मोठी फसगत तिथे होते. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रांची विक्री कंपनी जपान, अमेरिका खंड आणि ‘इतर’ अशा तीन रकान्यांत देते. फॅमिकॉम (पाश्चात्त्य देशांत एनईएस) या घरगुती गेमयंत्राचे ६ कोटी १९ लाख १० हजार नग यात असे विभागले आहेत : जपान १ कोटी ९३ लाख ५० हजार, अमेरिका खंड ३ कोटी ४० लाख आणि इतर ८५ लाख ६० हजार. साऱ्या युरोपसह उरलेले जग या शेवटच्या रकान्यात आहे. त्या ‘इतर’वरून युरोपला निन्टेन्डोचे वावडे होते, असे विधान मी अनेकदा वाचले आहे. हा रकाना एका बाजारपेठेचा नाहीच, वेगवेगळ्या वितरकांकडे, वेगवेगळ्या वर्षी पोहोचलेल्या डझनावारी देशांची ती एक गाठोडी आहे. शिवाय या रकान्यात जे मुळी येतच नाही ते पाहा. १९९२ च्या अखेरीस रशियात स्टीपलर या कंपनीने ‘डेंडी’ नावाने त्याच यंत्राची विनापरवाना नक्कल विकायला सुरुवात केली आणि एका पिढीची गेमशी ओळख त्या नकलेने करून दिली. अधिकृत आकड्यांत त्या नकलांचा पत्ता नाही. एखाद्या देशापुढे शून्य दिसले म्हणजे तिथे कोणी खेळत नव्हते असे नसते. तिथे मोजणारे कोणी गेले नव्हते, एवढेच पुष्कळदा त्यातून कळते.

सेगा या जपानी कंपनीच्या मास्टर सिस्टीम या गेमयंत्राची गोष्ट याहून बोलकी आहे. या यंत्राच्या जागतिक विक्रीचे जे अंदाज सर्वत्र उद्धृत होतात ते सुमारे १ ते १.३ कोटींचे आहेत, आणि त्यांत ब्राझीलमधील विक्री पूर्णपणे धरलेली नाही. ब्राझीलमध्ये टेकटॉय या स्थानिक कंपनीने परवाना घेऊन हे यंत्र तिथेच बनवले, इतरत्र ते इतिहासजमा झाल्यानंतरही नवनव्या रूपांत विकत राहिली, आणि २०१६ मध्ये तिने सांगितलेला आकडा ८० लाखांचा होता. एकट्या ब्राझीलचा आकडा त्या अंदाजाच्या निम्म्याहून अधिक भरतो, तरी तो ‘जागतिक’ या शब्दात पुरता आलेला नाही. असा तक्ता छापताना त्याला ‘जागतिक’ म्हणणे चुकीचे आहे, आणि ते चूक म्हणूनच दुरुस्त झाले पाहिजे.

मोठ्या रकान्यांची तुलनाही सावधपणे व्हायला हवी. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राचे जपानमध्ये साडेतीन कोटींहून अधिक आणि अमेरिका खंडात साडेपाच कोटींहून अधिक नग गेले. आकडा मोठा म्हणून दुसरी बाजारपेठ अधिक अनुकूल, असे सरसकट लिहिले जाते. पण जपानची लोकसंख्या बारा कोटींच्या घरात आहे, आणि ‘अमेरिका खंड’ या रकान्यात कॅनडापासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे शंभर कोटी माणसे येतात. जपानमध्ये साडेतीन माणसांमागे एक यंत्र, तर त्या रकान्यात अठरा माणसांमागे एक. यातही मेख अशी की तिथले बहुसंख्य नग उत्तरेकडच्या दोन देशांत गेले असावेत असे मानायला जागा आहे, मात्र रकाना एकच असल्यामुळे दक्षिणेकडच्या देशांत नेमके काय घडले हे बाहेरच्या वाचकाला सांगता येत नाही.

जपानमध्ये विकले गेलेले सगळेच यंत्र जपानमध्ये राहते असेही नाही. चीनने जून २००० मध्ये कन्सोलच्या, म्हणजे अशा गेमयंत्रांच्या, विक्रीवर बंदी घातली आणि ती २०१४-१५ मध्ये टप्प्याटप्प्याने उठवली. अधिकृत दुकाने उघडल्यानंतरही तिथे गेमला सरकारी मंजुरी लागते, आणि २०१८ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात मंजुऱ्या महिनोन् महिने थांबल्या होत्या. अशा स्थितीत शेजारच्या बाजारपेठांतून यंत्रे आडवाटेने जात राहतात आणि ती जिथे विकली गेली त्या देशाच्या नावावर नोंदली जातात. विनिमय दर त्यात भर घालतो. येन घसरलेला असताना जपानमधील यंत्र परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडते. जून २०२५ मध्ये स्विच २ आले तेव्हा निन्टेन्डोने फक्त जपानी भाषेचे यंत्र ४९,९८० येनला आणि सर्व भाषांचे यंत्र ६९,९८० येनला ठेवले. देशातल्या गिऱ्हाइकाला परवडेल आणि तो माल सीमेबाहेर जाण्यात फायदा उरणार नाही, असा दुहेरी परिणाम या किमतीतून होतो. त्यामुळे स्विच २ च्या जपानमधील आकड्याची पूर्वीच्या यंत्रांच्या जपानमधील आकड्यांशी तुलना करताना ‘जपानमध्ये विकले’ आणि ‘जपानी खेळाडूने घेतले’ यांतले अंतर दोन्हीकडे सारखे नव्हते, हे सांगणे आवश्यक ठरते.

डाउनलोड प्रतींनी सीमा आणखी पुसट केल्या. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात एकाच गेमची किंमत देशागणिक वेगळी असते, आणि अर्जेंटिना व तुर्कस्तानमधील किमती इतक्या खाली होत्या की इतर देशांतील खेळाडू खात्याचा प्रदेश बदलून तिथून खरेदी करत. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीने या दोन्ही देशांतील व्यवहार डॉलरमध्ये नेले. त्याआधीच्या वर्षांत एखाद्या छोट्या प्रकाशकाला आपला गेम अर्जेंटिनात अचानक लोकप्रिय झालेला दिसला असेल, तर त्यातली किती खरेदी खरोखर तिथली होती हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायलाच हवा. मोबाइल गेमच्या उत्पन्नाचे अंदाज देतानाही असेच होते. गूगल प्ले चीनमध्ये चालत नाही आणि तिथला अँड्रॉइड बाजार अनेक स्थानिक दुकानांत वाटला गेला आहे. बाहेरच्या संस्थांचे चीनविषयीचे अंदाज बहुधा अ‍ॅपलच्या दुकानापुरते असतात. ‘चीनमधील उत्पन्न’ या मथळ्याखाली तो आकडा छापणे म्हणजे बाजारपेठेचा मोठा भाग वाचकापासून लपवणे आहे. तसा हेतू नसेलही, परिणाम मात्र तोच होतो.

२० ऑगस्ट २०२४ रोजी आलेला ब्लॅक मिथ : वूकाँग हा चिनी गेम तीन दिवसांत एक कोटी प्रतींवर गेला. कंपनीने सर्व यंत्रांचा मिळून एकच आकडा दिला, प्रदेशवार विभागणी दिली नाही. गेमची डिस्क डिसेंबरपर्यंत निघालीच नव्हती, त्यामुळे डिस्कच्या विक्रीवर चालणाऱ्या कोणत्याही देशाच्या क्रमवारीत त्या ऑगस्टमध्ये हा गेम दिसणे शक्य नव्हते. ज्या वाचकाचे जग त्या क्रमवारीपुरते होते त्याच्या लेखी त्या वर्षातली सर्वांत मोठी घटना घडलीच नाही.

एवढ्या तपशिलात जाण्याचे कारण केवळ नीटनेटकेपणाची हौस नाही. प्रादेशिक आकड्यांवरून माणसांना काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे ठरते. ‘त्या प्रदेशात हा प्रकार चालत नाही’ हे वाक्य एकदा आकड्याच्या आधाराने लिहिले गेले की त्या भाषेतला अनुवाद रद्द होतो, पुढचा भाग तिथे येत नाही, आणि तो न आल्यामुळे पुढच्या वर्षीचा आकडा आणखी खाली जातो. मग तोच खाली गेलेला आकडा पहिल्या वाक्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

मॉन्स्टर हंटर या जपानी गेममालिकेच्या बाबतीत हे चक्र अनेक वर्षे फिरत राहिले. डिसेंबर २०१० मध्ये पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेला मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड हा गेम जपानबाहेर विकायलाच ठेवला नाही. त्याच्या ४९ लाख प्रती गेल्या. आधीच्या भागांचे पाश्चात्त्य देशांतले आकडे पाहता तो निर्णय त्या वेळी रास्तही वाटत होता. परंतु ते आकडे शेजारी बसून बिनतारी जोडणीवर चौघांनी खेळण्याच्या सोयीचे, त्या विशिष्ट यंत्राच्या त्या देशांतल्या स्थितीचे आणि विलंबाने पोहोचलेल्या अनुवादाचेही होते, केवळ आवडीचे नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड घरगुती कन्सोलवर, जगभर एकाच दिवशी आला. तीन दिवसांत ५० लाख प्रती बाजारात गेल्या आणि पुढे हा आकडा दोन कोटींच्या पलीकडे गेला. गेमच्या रचनेतही तेव्हा बरेच बदल झाले होते, त्यामुळे मागणी पूर्वीपासून जशीच्या तशी दबा धरून होती असा दावा मी करणार नाही. आधीचा लहान आकडा मागणीइतकाच पुरवठ्याविषयी बोलत होता, इतके म्हणण्यास मात्र मला संकोच वाटत नाही.

उलट बाजूही पाहावी. एक्सबॉक्स ३६० चे जगभर सुमारे साडेआठ कोटी नग गेले आणि त्यांतले जपानमध्ये सोळा लाखांच्या आसपास. इथे यंत्र उपलब्ध होते, जपानी प्रकाशकांचे काही गेमही खास त्यावर आले होते, तरी लोकांनी ते घेतले नाही. हा आकडा पुरवठ्याच्या आड लपत नाही, आणि म्हणून त्याला नावडीचा पुरावा म्हणायला मी तयार आहे. दोन लहान आकडे सारखे दिसतात, पण एकात दार बंद होते आणि दुसऱ्यात उघड्या दारासमोरून लोक निघून गेले. हेल्डायव्हर्स २ या सोनीच्या गेमच्या वेळी मे २०२४ मध्ये प्लेस्टेशनचे खाते उघडण्याची सोय नसलेल्या १७० हून अधिक देश-प्रदेशांत त्या गेमची स्टीमवरील विक्री थांबवली गेली. त्या देशांच्या नावापुढे नंतर जे शून्य लागले, ते कोणत्या दाराचे शून्य आहे हे आकडा छापणाऱ्याने सांगितले नाही तर काही वर्षांनी ते कोणालाच कळणार नाही.

एकाच गेमचा हिशेब तीन घरांत विखुरल्याचेही एक उदाहरण सांगतो. डीमन्स सोल्स हा गेम फेब्रुवारी २००९ मध्ये जपानमध्ये सोनीने, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर अमेरिकेत अ‍ॅटलसने आणि जून २०१० मध्ये युरोपात नामको बांदाईने काढला. जपानमधील सुरुवात थंड होती. इंग्रजीत खेळता येणारी आशियाई आवृत्ती पाश्चात्त्य खेळाडूंनी मधल्या काळात मागवून घेतली, आणि ती मागणी त्यांच्या देशांच्या नावावर चढली नाही. पहिल्या आठवड्याच्या जपानी आकड्यावरच थांबलेल्या माणसाला या गेमचे पुढे काय होणार आहे याचा अंदाजही आला नसता.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रकाशकांनी प्रत्येक प्रादेशिक आकड्यासोबत तो दुकानदाराला झालेल्या विक्रीचा आहे की गिऱ्हाइकाला झालेल्या, डाउनलोड प्रती धरल्या आहेत की नाहीत, आणि ‘इतर’ या शब्दात कोणते देश मोडतात, हे एका ओळीत लिहावे. देशवार आकडे देणे व्यापाराच्या दृष्टीने अडचणीचे असेल तर न द्यावे, परंतु देशांची यादी देण्यात कोणते गुपित फुटते हे मला समजलेले नाही. मोजणी संस्थांनी आपल्या तळटिपा तक्त्याच्या चित्रातच छापाव्यात, म्हणजे चित्र उचलणाऱ्याबरोबर त्याही जातील. संपादकांनी दोन वेगळ्या मापांच्या आकड्यांची वजाबाकी करून तिसऱ्या प्रदेशाचा आकडा काढणे थांबवावे, आणि ज्या देशात गेम विकायलाच ठेवला नव्हता त्या देशापुढे शून्याऐवजी ‘उपलब्ध नव्हता’ असे लिहावे.

पूर्वी छापलेल्या तक्त्यांची दुरुस्तीही व्हावी असे मला मनापासून वाटते. सुरुवात मास्टर सिस्टीमच्या ओळीपासून केली तरी चालेल. ‘जागतिक’ या शब्दापुढे ‘ब्राझील पूर्णपणे धरलेले नाही’ एवढे लिहायला अर्ध्या ओळीची जागा लागते.

आपला,
विक्रीच्या आकड्यांचा एक जुना वाचक